रोझमेरी घातली की पदार्थ कडू किंवा औषधी का लागतो?

भाजलेले बटाटे असोत, फोकाच्चा (इटलीचा जाड, चपटा पाव) असो की चिकन, रोझमेरी या सुगंधी पाल्याबद्दलच्या तक्रारी ठरलेल्या असतात. कडू लागतं. बाम चोळल्यासारखा वास येतो. काड्या दातांत अडकतात. नाहीतर मूठभर घालूनही वास येत नाही. चारही तक्रारींचं मूळ बहुधा एकच निघतं. आपल्याकडे हिरवी पानं स्वयंपाकात दोन रीतींनी पडतात: कढीपत्त्यासारखी कडकडीत फोडणीत, किंवा कोथिंबिरीसारखी चिरून वरून. रोझमेरी या दोन्ही रीतींनी बिघडते. फोडणीत ती करपते आणि वरून घातली तर कच्ची, चिवट राहते.

आधी पानात काय असतं ते बघू, कारण पुढचे सगळे उपाय त्यावरच बेतलेले आहेत. रोझमेरीचं पान सुईसारखं दिसतं, पण ते कडा आत वळलेलं चपटं पान आहे. खालची बाजू पांढुरकी, बारीक लव असलेली. पानावरच्या सूक्ष्म ग्रंथींमध्ये सुगंधी तेल असतं. त्यात सिनिऑल (निलगिरीच्या तेलातलं मुख्य द्रव्य), कापूर, पायनीन, बोर्निऑल आणि काही वाणांत व्हर्बेनोन. ही द्रव्यं तेलात, तुपात, लोण्यात सहज उतरतात. पाण्यात फार कमी.

कडवटपणाची द्रव्यं वेगळी. पानात कार्नोसिक आम्ल भरपूर असतं. उष्णता आणि हवा लागली की त्यातलं काही कार्नोसॉलमध्ये बदलतं आणि कार्नोसॉल कडू असतं. शिवाय रोझमेरिनिक आम्ल आहे, ते पाण्यातही उतरतं आणि जिभेला तुरट लागतं. (हीच मंडळी तेल खवट होऊ देत नाहीत, म्हणून युरोपात रोझमेरीचा अर्क ई 392 या क्रमांकाने खाद्यपदार्थांत वापरला जातो. गुण आणि दोष एकाच ठिकाणी.) वास लवकर सुटतो, कडवटपणा मागाहून आणि सावकाश. म्हणजे वास माध्यमात उतरला की पान बाहेर काढायचं. ते आत राहिलं तर पुढचा वेळ फक्त कडवटपणा वाढतो.

कडू लागतं

पहिलं तपासायचं ते रोझमेरीच दोषी आहे का. पदार्थातलं एक पान काढून चावा. ते तपकिरी, कुरकुरीत आणि राखेसारखं लागलं तर ते करपलं आहे. पान हिरवट असून पदार्थ कडू असेल तर लसूण बघा. रोझमेरीबरोबर लसूण जवळजवळ नेहमीच असतो आणि बारीक चिरलेला लसूण तिच्याआधी करपतो. तिसरी शक्यता लिंबाच्या सालीखालच्या पांढऱ्या भागाची. या तिन्हींत गल्लत होऊन पुढच्या वेळी रोझमेरी कमी केली जाते आणि कडूपणा तसाच राहतो.

करपण्याचं कारण पाणी. ताज्या पानात वजनाच्या सुमारे दोन तृतीयांश पाणी असतं. पान गरम तेलात पडलं की ते पाणी बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडत राहतं आणि तोवर पानाचं तापमान फार चढत नाही. बुडबुडे थांबले की संरक्षण संपलं. पुढच्या काही सेकंदांत पान हिरव्याचं तपकिरी होतं. सुक्या पानात हे संरक्षण मुळातच नाही. म्हणून सुकी रोझमेरी फोडणीत टाकायची नाही, कधीच नाही. मोहरी तडतडण्याइतक्या तापलेल्या तेलात ती बघता बघता काळी पडते.

तेलात वास उतरवण्याची खात्रीची पद्धत अशी. 100 मिली तेल थंड असतानाच त्यात 10 ते 12 सेंटीमीटरच्या दोन ताज्या डहाळ्या घाला. डहाळ्या धुतल्या असतील तर पूर्ण कोरड्या करा. मंद आच. पानांभोवती बारीक बुडबुडे सुरू झाले की 3 ते 4 मिनिटं तशीच आच ठेवा. तेलातून धूर येता कामा नये, पानांचा रंग बदलता कामा नये. गॅस बंद करून झाकण घाला, 20 मिनिटांनी डहाळ्या काढून टाका. या तेलात बटाटे भाजा, उकडलेले हरभरे परता, पावाच्या पिठात घाला. ऑलिव्ह तेल असलंच पाहिजे असं नाही. सूर्यफुलाच्या तेलाला स्वतःचा वास नसल्यामुळे रोझमेरी उलट जास्त स्पष्ट कळते. शेंगदाण्याच्या घाण्याच्या तेलात मात्र दोन वासांची ओढाताण होते.

डहाळी रात्रभर तेलात ठेवली तर जास्त वास येईल असं वाटतं. येत नाही, कार्नोसिक आम्लही तेलातच विरघळणारं आहे, त्यामुळे वाढतो तो कडवटपणा.

इटलीतल्या फ्लॉरेन्स भागात ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी मनुका घातलेले गोल पाव भाजतात, पान दी रामेरीनो. त्यात रोझमेरी आधी तेलात गरम करतात आणि ते तेल कणकेत मळतात. त्याच भागात आरिस्ता हा डुकराच्या मांसाचा भाजलेला तुकडा करताना चिरलेली रोझमेरी आणि लसूण मांसाला चिरा पाडून आत दडपतात. बाहेर ओव्हन कितीही तापला तरी मांसाच्या आतलं तापमान 70 अंश सेल्सिअसच्या आसपास राहतं, म्हणून रोझमेरी तासभर आत असूनही करपत नाही. अख्खी कोंबडी भाजताना हेच करा: दीड किलोच्या कोंबडीला दोन डहाळ्या पोटात, थोडी चिरलेली पानं कातडीखाली, कातडीवर काहीही नाही.

भाजलेल्या बटाट्यांत चूक वेळेची असते. अर्धा किलो बटाटे फोडी करून, मिठाच्या पाण्यात अर्धवट उकडून, 200 ते 220 अंशांवर साधारण 40 मिनिटं भाजायचे असतील तर रोझमेरी शेवटच्या 10 मिनिटांत पडायला हवी. चिरलेली पानं चमचाभर तेलात कालवून मग फोडींवर टाका आणि ट्रे हलवा. कोरडी भुरभुरली तर तीही करपतील. याहून बरं म्हणजे वर सांगितलेलं तेल करून बटाटे त्यातच घोळवायचे.

पदार्थ आधीच कडू झाला असेल तर? डहाळ्या काढा. पदार्थ रस्सा किंवा सूप असेल तर वर तरंगणारं तेल पळीने काढून टाका. कापूर, सिनिऑल आणि कार्नोसॉल यांचा मोठा वाटा त्या तवंगातच असतो. तेवढंच नवं तेल किंवा लोणी घाला. मीठ थोडं कमी असेल तर पुरं करा, कारण मिठामुळे जिभेला कडवटपणा कमी जाणवतो. चिमूटभर साखरही चालते. कच्चा बटाटा टाकून तो कडूपणा शोषेल ही समजूत सोडून द्या. पानं करपून कडू झालेलं मात्र दुरुस्त होत नाही. सूप असेल तर दुप्पट करून पातळ करता येईल, बटाटे असतील तर वरची काळी पानं झटकून मिळेल तेवढं वाचवा.

बामसारखा वास येतो

याला बहुधा प्रमाण जबाबदार असतं, आणि प्रमाण चुकण्यामागे एक फार पसरलेला नियम आहे: एक मोठा चमचा ताजं म्हणजे एक छोटा चमचा सुकं. इतर पाल्यांना तो ठीक बसतो, रोझमेरीला नाही. एक मोठा चमचा ताजी पानं भरतात सुमारे 1.7 ग्रॅम. त्यातलं पाणी वजा केलं तर उरतं साधारण अर्धा ग्रॅम. सुक्या पानांचा एक छोटा चमचा मात्र सुमारे 1.2 ग्रॅमचा असतो. म्हणजे नियम पाळून तुम्ही दुपटीहून जास्त रोझमेरी घातलीत. वाळताना थोडा वास उडतो, पण रोझमेरीचा फारसा नाही; तुळस किंवा कोथिंबीर वाळल्यावर जशी गवत होते तशी ती होत नाही. तेव्हा मोठ्या चमच्याऐवजी सुक्या पानांचा अर्धा छोटा चमचा. चार माणसांच्या भाजलेल्या बटाट्यांना एक छोटा चमचा ताजी चिरलेली पानं पुरतात, सुकी असतील तर पाव छोट्या चमच्याहून थोडी कमी.

दुसरं कारण आपल्या मसाल्यात आहे. वेलचीच्या तेलातही सिनिऑलचा मोठा वाटा असतो. वेलची असलेला गरम मसाला आणि रोझमेरी एका मॅरिनेडमध्ये आले की तेच द्रव्य दोन्हीकडून येतं आणि चिकनला सर्दीच्या औषधाचा वास लागतो. रोझमेरी घालायची ठरली तर त्या पदार्थातून वेलची काढा. मिरी, लसूण, लिंबाची साल, मोहरीची पेस्ट, कांदा यांच्याशी तिचं जमतं. दही-हळद-गरम मसाल्याच्या मॅरिनेडमध्ये ती ओढूनताणून बसवण्यात अर्थ नाही.

सेज या युरोपी सुगंधी पाल्याबरोबर वापरताना दोन्ही निम्मे घ्या. सेज तिचा जवळचा नातेवाईक आहे (वनस्पतिशास्त्रज्ञांनी 2017 मध्ये रोझमेरीला साल्व्हिया या सेजच्याच वंशात हलवलं) आणि त्यातही कापूर आणि कार्नोसिक आम्ल दोन्ही असतात.

तिसरं कारण खुद्द झाड. रोझमेरीचे रासायनिक प्रकार वेगवेगळे असतात: काहींत कापूर जास्त, काहींत सिनिऑल, काहींत व्हर्बेनोन. विकत घेताना एक पान बोटांत चुरडा. आधी पाइन आणि लिंबासारखा ताजा वास आणि मागून कापूर असा क्रम असेल तर स्वयंपाकाला उत्तम. पहिल्याच क्षणी नुसता कापूर असेल तर प्रमाण निम्मं करा. नर्सरीतून रोप घेताना तर ही परीक्षा करावीच; कुंडीतून खाली लोंबणाऱ्या जाती दिसायला सुंदर, पण स्वयंपाकाला उभ्या वाढणाऱ्या जाती सोयीच्या, कारण त्यांच्या डहाळ्या सरळ, लांब निघतात.

काड्या दातांत येतात

प्रेशर कुकर हा इथला मुख्य आरोपी. कुकरमध्ये साधारण 120 अंशांवर पानं देठापासून सुटतात, पण मऊ होत नाहीत. मग डाळीत किंवा हरभऱ्यात सुया तरंगत राहतात. शिवाय वास बाहेर पडायला वाव नसल्यामुळे सगळं उग्र होतं. रोममध्ये पास्ता ए चेची, म्हणजे काबुली हरभरे आणि पास्ता, करताना डहाळी तेल-लसणाबरोबर मंद परततात आणि नंतर काढून टाकतात. कुकरवाल्यांनी 250 ग्रॅम हरभरे आधी रोझमेरीशिवाय शिजवून घ्यावेत, मग एक 8 ते 10 सेंटीमीटरची डहाळी घालून झाकणाशिवाय 10 मिनिटं मंद उकळावेत. पानं सुटण्याची भीती असेल तर डहाळी मलमलच्या पुरचुंडीत बांधा. चहापत्ती घालून कपात बुडवायची जाळीदार डबी असेल तर तीही चालते.

पानं पदार्थात राहणारच असतील तर दोनच रस्ते: एकदम बारीक चिरणं किंवा कुरकुरीत तळणं.

चिरण्याआधी पानं ओरबाडायची पद्धत: डहाळीचं टोक एका हातात धरा आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीने वरून खाली, पानांच्या वाढीच्या उलट दिशेने ओढा. टोकाकडचा 3-4 सेंटीमीटरचा कोवळा भाग तुटून येईल. तो देठासकट चिरला तरी चालतो. बाकीचं लाकूड टाकून द्या, किंवा पनीरच्या तुकड्यांना सळी म्हणून वापरा (अर्धा तास पाण्यात भिजवून, आणि आधी लोखंडी सळीने भोक पाडून). पानं सुरीखाली घसरतात, म्हणून त्यांवर चिमूटभर जाड मीठ टाकून चिरा. एक मिलिमीटरहून मोठे तुकडे जिभेला काडीसारखे लागतात, इतकं साधं माप आहे.

तळायची असतील तर तेल 160 अंशांच्या आसपास हवं. पान टाकल्यावर लगेच फेस यावा, पण धूर नको. पानं कोरडी हवीत, नाहीतर तेल अंगावर उडेल. 30 ते 40 सेकंदांत फेस ओसरू लागतो. अगदी त्याच क्षणी, पानं अजून हिरवी असताना, झाऱ्याने काढून कागदावर पसरा. अशी पानं बोटांत चुरली की भुगा होतो. सूपवर, अंड्यावर, उकडलेल्या बटाट्यावर टाकायला यासारखं दुसरं काही नाही, आणि उरलेलं तेलही सुगंधी असतं.

रोजच्या घाईसाठी रोझमेरीचं मीठ करून ठेवणं सगळ्यात सोपं. 10 ग्रॅम ताजी पानं आणि 100 ग्रॅम जाड मीठ मिक्सरच्या कोरड्या भांड्यात थांबून थांबून फिरवा. सलग फिरवलं तर भांडं तापतं आणि ओला लगदा होतो. ताटात पसरून पंख्याखाली दोन दिवस वाळवा, मग एकदा पुन्हा फिरवून बरणीत भरा. काड्यांचा प्रश्नच उरत नाही. फक्त पदार्थातलं मीठ त्या हिशेबाने कमी करा.

फोकाच्चावर काळी पडते

फोकाच्चा 220 अंशांवर 20 ते 25 मिनिटं भाजली जाते आणि पानं वरच्या पृष्ठभागावर कोरडी पडलेली असतात; दुसरं काय होणार. घरच्या छोट्या ओटीजीमध्ये वरची कांडी पावापासून बोटभर अंतरावर असते, तिथे तर पाच-सात मिनिटांतच पानं जळतात. ट्रे सगळ्यात खालच्या खाचेत ठेवा. बोटांनी पाडलेल्या खळग्यांत पानं दाबून बसवा. इटलीतल्या लिगुरिया भागात फोकाच्चावर ओव्हनमध्ये घालण्याआधी पाणी, तेल आणि मीठ फेटून ओततात. 50 मिली पाणी, 30 मिली तेल, एक छोटा चमचा मीठ हे एका मध्यम ट्रेला पुरतं. पानं या खाऱ्या पाण्यात बुडलेली असली की ते पाणी आटेपर्यंत ती सुरक्षित असतात. तरीही रंग चढायला लागला तर ॲल्युमिनियमची फॉइल वरून सैल ठेवा.

वासच येत नाही

पाण्यात उकळून वास काढायचा प्रयत्न हे नेहमीचं कारण. पास्त्याच्या पाण्यात टाकलेली डहाळी स्वयंपाकघर सुगंधी करते, पास्ता नाही. तिला चरबी हवी. दुधात किंवा सायीत ती छान उतरते: 250 मिली दूध, 5 सेंटीमीटरची एक डहाळी, उकळी आली की गॅस बंद, झाकून 10 मिनिटं, मग गाळून घ्या. सरबतासाठी साखरेच्या पाकातही उतरते, पण तिथे 15 मिनिटांच्या वर ठेवू नका, नंतर पाक तुरट होतो.

नाहीतर माल जुना आहे. सुकी पानं राखाडी-तपकिरी आणि चुरडल्यावर धुळीसारखी असतील तर ती टाका. प्रमाण वाढवून वास येणार नाही, तुरटपणा येईल. बाजारात केसांसाठी म्हणून विकली जाणारी सुकी रोझमेरी स्वस्त आणि भरपूर मिळते. ती स्वयंपाकात घेण्याआधी पुडक्यावर खाद्यपदार्थाचा 14 अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक आहे का बघा. केसांच्या रोझमेरी तेलाचे थेंब अन्नात घालू नका. ते ऊर्ध्वपातित तेल असतं, पानाच्या तुलनेत कितीतरी तीव्र, आणि खाण्यासाठी बनवलेलं नसतं.

साठवण

ताजी डहाळी किंचित ओलसर कागदात गुंडाळून फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवली तर दहा-बारा दिवस सहज टिकते. टोकं काळी पडली तर कागद जास्त ओला होता. जास्त दिवसांसाठी अख्ख्या डहाळ्या हवाबंद पिशवीत फ्रीझरमध्ये ठेवा. गोठल्यावर पिशवी झटकली की पानं आपोआप देठापासून सुटतात. ती थोडी काळपट दिसतात, म्हणून शिजवण्याच्याच कामाला. पावसाळ्यात सावलीत वाळवायला जाऊ नका, कोकणात तर नकोच. वाळण्याआधी बुरशी येते.

शोभेच्या बाटलीत तेल, त्यात ताजी रोझमेरी आणि लसणाच्या पाकळ्या, आणि बाटली ओट्यावर: हे करू नका. तेलाखाली हवा नसते, पानात आणि लसणात पाणी असतं, आम्लता नसते. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूला हेच लागतं आणि त्याच्या विषाला वास किंवा चव नसते. 1985 मध्ये कॅनडातल्या व्हँकुवर शहरात तेलातल्या लसणातून अशीच विषबाधा पसरली होती. ताज्या पानांचं तेल गाळून फ्रीजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. बाहेर ठेवायचं असेल तर पूर्ण सुकी पानं वापरा, आणि लसूण अजिबात नको.

कुंडीतलं रोप

पावसाळ्यात रोपाची टोकं वाळतात, तहान लागली असं वाटून पाणी वाढवलं जातं आणि आठवड्यात रोप मरतं. टोकं वाळण्यामागे बहुधा कुजलेली मुळं असतात. माती, जाड वाळू आणि विटेचे बारीक तुकडे समप्रमाणात, 25 सेंटीमीटरची कुंडी, खाली ताटली नाही. जूनपासून पाऊस थांबेपर्यंत कुंडी छपराखाली पण उजेडात. वरची तीन-चार सेंटीमीटर माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही. खतही बेताचंच: सावलीत आणि भरपूर खतावर वाढलेली डहाळी लुसलुशीत दिसते, पण तिला वास कमी असतो. तोडताना एका वेळी झाडाचा तिसरा हिस्सा ही मर्यादा, आणि काप नेहमी हिरव्या पानांच्या वर घ्या. पानं नसलेल्या जुन्या लाकडात कापलं तर तिथून बहुधा पुन्हा फुटत नाही.